बंदुकीच्या पेटीतली मोकळी जागा

देवदत्त आठल्येने सगळ्या संसारात एकदाही स्वतःची बॅग भरली नव्हती. हा त्याचा आळस नव्हे. त्याला कोणी भरूच दिली नव्हती.

तो नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचा. केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूक त्याच्या नजरेतून सुटत नसे, पण स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. ते खातं बायकोचं, सुमेधाचं. पुण्याच्या प्रत्येक खेपेला तिची बॅग काट्यावर बरोब्बर तेवीस किलोला थांबायची. वस्तूंची खोकी तर ती दारातच फेकायची. "पुठ्ठ्याला कशाला विमानाने फिरवायचं?"

कोरोनात लोकांनी घरी पाव भाजायला घेतले, देवदत्तने शिकार धरली. ऑफिसातला टून हा तिथल्याच ब्राबांट प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. लॉकडाउनमध्ये दोघं दीड मीटर अंतर राखून रानात फिरायचे. टूनच्या खांद्यावर बंदूक असल्यामुळे देवदत्त ते अंतर फारच मनापासून पाळायचा. हळूहळू त्यालाही चटक लागली. कोर्स झाला, परीक्षा झाली. पोलीस घरी येऊन बजावून गेले की बंदूक आणि गोळ्या लोखंडी कपाटात ठेवायच्या, किल्ली फक्त परवानेवाल्याकडे राहील आणि दुसऱ्या कोणी हात लावला तर परवाना गेला. सुमेधाने मान डोलावली, पोलिसांना चहा दिला आणि ते गेल्यावर किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली.

एकवीस सालच्या ऑक्टोबरात टूनच्या टोळीत एक जागा रिकामी झाली. एका म्हाताऱ्याचा गुडघा बदलला होता. टोळी दरवर्षी स्वीडनला सांबरासारख्या थोराड एल्कच्या शिकारीला जायची. इतकी वर्षं या देशात कर भरून, पावसात सायकल हाणून, वाढदिवसांना गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून केकचा एकुलता एक तुकडा खाऊनही देवदत्तला कोणी 'आमच्यातला' म्हटलं नव्हतं. आता म्हणणार होते. टूनचा मेहुणा त्याच जागेवर टपून बसला होता, ही गोष्ट वेगळी.

सुमेधा शुद्ध शाकाहारी. "तू त्या एल्कला मार नाहीतर मिठी मार," ती म्हणाली, "बॅग मी भरणार."

विमानतळावर टूनची बंदूक आधीच पुढे गेली होती. देवदत्तने कागद पुढे केले. कागद चोख होते. कस्टमच्या बाईंनी पेटी उघडायला सांगितली. मास्कमुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते आणि ते आता विस्फारले.

बंदूक चिवड्यात झोपली होती. नळीच्या दोन्ही बाजूंना पातळ पोह्यांच्या पिशव्या, दस्त्याखाली लोकरीचे मोजे, दुर्बिणीच्या खाचेत बेसनाचे लाडू.

"आणि काडतुसं?"

देवदत्तने दुसरी बॅग उघडली आणि उचकू लागला. बाई शांतपणे बघत होत्या.

"बॅग तुम्ही स्वतः भरली?"

नाही म्हटलं तर परवाना जाणार. परवाना गेला की जागाही गेली.

"स्वतः," देवदत्त म्हणाला.

"मग शोधताय काय?"

तेवढ्यात फोन वाजला. बोट घाईत स्पीकरवर पडलं.

"देवदत्त, अरे पोचलास का? ऐक, गोळ्या श्रीखंडाच्या डब्यात आहेत. वरती मेतकूट लिहिलंय, ते वाचून भातावर घेऊ नकोस. आणि बंदुकीच्या पेटीत केवढी जागा वाया चालली होती रे! सगळा फराळ बसवला मी त्यात."

"ठेव, सुमेधा."

"कसला ठेव? गोळ्यांची खोकी मी काल रद्दी कागदाच्या कंटेनरमध्ये टाकली. पुठ्ठाच होता नुसता."

फोन बंद झाला. देवदत्त घाम पुसत डचमध्ये म्हणाला, "बायको. प्रवास सुखाचा होवो म्हणते."

बाईंनी मास्क जरासा खाली केला. सुरिनामच्या पॅरामारिबोहून आलेल्या हिंदुस्तानी आजीची नात होत्या त्या. टीव्हीवरच्या भोजपुरीसारख्या हिंदीत त्या म्हणाल्या, "गोली डब्बे में, डब्बा बीवी ने भरा. ना?"

देवदत्तचा चेहरा श्रीखंडासारखा पांढरा पडला.

"पण मला मराठी येत नाही," बाई पुन्हा डचवर आल्या. "त्यामुळे मी काही ऐकलेलं नाही. काडतुसं मूळ खोक्याशिवाय उडणार नाहीत, ती इथेच राहतील. तिकडे दुकानातून घ्या. बंदूक जाईल, पण पेटी आता माझ्यासमोर स्वतःच्या हातांनी भरा. परवाना तुमचा, हात तुमचे."

सगळं बाहेर निघालं आणि देवदत्त भरू लागला. पेटी मिटेना. लाडू काढले, मोजे अडकले. मोजे काढले तर बंदूकच तिरकी बसली.

"हे सगळं आत होतं?" टूनने विचारलं.

"होतं!"

विमानाची शेवटची सूचना झाली. मागच्या रांगेतला एक म्हातारा घड्याळ बघून खाकरला. बाईंनी उसासा टाकला. "तिला फोन लावा. चित्र दिसेल असा."

पडद्यावर सुमेधा आली, हाताला कणीक. "अरे, लाडू आधी का कोंबतोस? बंदूक खाली. उलटी... देवा, नळी भिंतीकडे! आता मोजे. एकात एक घाल, गुंडाळी नको. ते उंच कोण आहेत? टून? त्यांना म्हणावं बाजूला व्हा, उजेड अडतोय."

टून मुकाट्याने बाजूला झाला. पेटी मिटली. दोन्ही कुलपं खट्ट बसली.

विमानात पट्टा बांधताना टून म्हणाला, "दत्त, तू आमच्यातलाच. आम्हालाही बायकोशिवाय काही सापडत नाही. पण शिस्त तिच्यात आहे."

हा निरोप घरी पोचला. पुढच्या वर्षी सुमेधाने शिकारीचा कोर्स लावला. शेजारीण उत्तरा हिने तोंडावर हात ठेवून विचारलं, "अगं, तू मारणार?"

"मारते कसली!" सुमेधा म्हणाली. "परवाना असल्याशिवाय मेल्या त्या बॅगेला हात लावू देत नाहीत."