साठ टक्के नवरा

माझी मोठी बहीण विजयमाला हिचा संसार पहिल्यापासून सुट्टीवरचा. आमचे भाऊजी, सुखदेव, सागरला जाऊन पलटणीत भरती झालेले. वर्षातून एकदा घरी यायचे आणि आले की सौंसरची आमची सगळी वस्ती डोक्यावर घ्यायचे. नळावरच्या बायकांना रांगेत उभं करून 'सावधान, विश्राम' करायला लावायचे. साहेबांचं बोलणं, त्यांची चाल, मिशीवरून हात फिरवणं, सगळ्याच्या नकला करून दाखवायचे. ताई तोंडाला पदर लावून हसायची आणि सुट्टी संपली की पुढचे दहा महिने तेच आठवून एकटीच हसायची. मला तिचा राग यायचा. मूलबाळ नाही, नवरा जवळ नाही, आणि ही बाई चुलीसमोर बसून हसते! पण ती सुखी होती, हे मान्य करायला हवं.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात भाऊजी कायमचे घरी आले. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर असताना त्यांना आवाज ऐकू यायला लागले होते. कोणी त्यांचा नंबर घेऊन हाक मारायचं, कोणी गद्दार म्हणायचं. मिलिटरीच्या दवाखान्यात बरेच महिने ठेवलं, रोजच्या गोळ्या सुरू केल्या, मग बोर्ड बसला. बोर्ड म्हणजे डॉक्टरांची कमिटी. तिनं कागदावर लिहून दिलं: मानसिक आजार, नोकरीमुळे वाढलेला, अपंगत्व चाळीस टक्के, मुदत दोन वर्षं.

हे चाळीस टक्के म्हणजे काय, ते सांगायला बोरगावचे पुंडलिकराव आले. पुंडलिकराव पलटणीतूनच हवालदार म्हणून रिटायर झालेले. आसपासच्या कोणत्याही फौजी घरात कागद आला की ते चष्मा पुसत हजर व्हायचे. त्यांना बोलावणं पाठवावं लागायचं नाही.

"चाळीस टक्क्याच्या हिशोबानं पेन्शन भेटन," ते म्हणाले. "दोन साल झाले का पुन्हा बोर्ड. तिथं ईस टक्क्याच्या खाली उतरवलं का पेन्शन खतम. समजलं, वहिनी?"

ताईनं बोटांवर हिशोब केला. मग तिनं विचारलं, "मंग साठ टक्के तं चांगले आहेत ना?"

एवढ्या नोकरीत पुंडलिकरावांना असला सवाल कोणी केला नसावा. ते चहा पिऊन निघून गेले.

ताईनं मात्र ते साठ टक्के मनावर घेतले. सरकारनं लिहून दिलं आहे म्हणजे ते कुठंतरी असणारच, असं तिचं ठरलं. सकाळी ती नत्थूजींच्या बगीच्यात संत्री निवडायला जायची. लहान-मोठी वेगळी करून भाताच्या तणसात घालून पेट्या भरायच्या. संध्याकाळी घरी आली की भाऊजींकडे बघत बसायची. ते भिंतीला टेकून, अंगावर घोंगडी ओढून बसलेले असायचे. कधी ओठ हलायचे, कधी एकदम उठून उभे राहायचे. बोलणं जवळजवळ बंद. एकदा ताई धावत माझ्या घरी आली. मला वाटलं काहीतरी वाईट झालं. ती म्हणाली, "कमल, आज ते म्हणाले का वरणात मीठ कमी आहे. सुट्टीवर येत तेव्हाबी असंच म्हणत!" आणि तिचे डोळे भरून आले. मी अंगणवाडीत पन्नास पोरं सांभाळते, तिथल्या एखाद्या पोरासारखंच तिलाही बसवून पाणी दिलं.

बसस्टँडजवळच्या पानठेल्यावरच्या रिकामटेकड्यांनी भाऊजींचं नावच 'चाळीस टक्के' ठेवलं होतं. मी एकदा ठेल्यापुढं उभी राहिले आणि विचारलं, तुमचे किती टक्के आहेत, कोणी मोजले का? तेव्हापासून निदान माझ्यासमोर तरी ते बंद झालं. ताईला याचं काही वाटायचं नाही. तिला एकच वाटायचं. पलटणीत होते तेव्हा वाट बघायची, आता माणूस घरात बसलेला आहे तरी वाटच बघायची. हे ती मला एकदा भाकरी थापताना म्हणाली, आणि भाकरी उलटायची विसरली.

त्र्याऐंशीत दुसऱ्या बोर्डाचं बोलावणं आलं. पुंडलिकराव लगेच हजर. या खेपेला त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, ध्यान देऊन ऐका. आठ दिवस दाढी करू देऊ नका. गोळ्या बंद. मळके कपडे घालून न्या. साहेबानं इचारलं तं सगळं सांगा, उलट दोन गोष्टी जास्तच सांगा. बीमार माणूस बीमार दिसला पाह्यजे."

मला गोळ्या बंद करणं पटलं नाही, पण बाकीचं पटलं. खोटं तर काही सांगायचं नव्हतं. घरात जसे असतात तसे न्यायचे, एवढंच. ताईनं मान डोलावली. तिच्या मान डोलावण्यावर मी विश्वास ठेवला.

बोर्डाच्या दिवशी पहाटे मी त्यांच्या घरी गेले तर भाऊजी अंगणात खाटेवर बसलेले. आंघोळ झालेली, दाढी झालेली, केसांना तेल. पांढरा शर्ट. ताईनं पितळी लोट्यात निखारे भरून पँटीला इस्तरी केली होती. घडी अशी कडक की भाऊजी पाय लांब करूनच बसले होते.

मी तिला आत ओढलं. "ताई, हे काय करून ठेवलं? पुंडलिकरावानं काय सांगतलं होतं?"

"मिलिटरीच्या लोकांसमोर त्याहीले भिकाऱ्यासारखं नेऊ काय? इतके साल नोकरी केली त्याहीनं."

"आन् गोळ्या?"

"रोज देल्या."

मी कपाळावर हात मारला. छोट्या लाईनच्या गाडीची वेळ झाली होती, भांडायलाही सवड नव्हती.

गाडीत भाऊजी खिडकीशी बसले. लोधीखेडा स्टेशन सोडल्यावर तिकीट तपासणारा आला. जाडजूड, दम लागलेला, प्रत्येक तिकीट डोळ्याजवळ नेऊन बघायचा. तो पुढच्या डब्याकडे गेला आणि भाऊजींनी माझ्या हातातलं तिकीट घेतलं, गाल फुगवले, डोळ्याला लावलं आणि त्याच्यासारखंच फुसफुसले. हुबेहूब. डब्यातली माणसंही हसली. ताईचा पदर तोंडाला गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला तशी हसताना बघत होते. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता आठवलं, आपण यांना आजारी दाखवायला चाललो आहोत.

नागपूरला उतरून पुढं छावणीतल्या दवाखान्यात पोचलो. गेटवरचा शिपाई दिसताच भाऊजींची पाठ ताठ झाली. आमचा नंबर लागला. तपासणारा डॉक्टर तरुण कॅप्टन होता, आवाजानं मऊ. त्यानं आम्हा दोघींनाही आत बसू दिलं.

"आवाज़ें सुनाई देती हैं?"

"नहीं साहब."

"नींद?"

"अच्छी है साहब."

"दिन भर क्या करते हो?"

"घर में रहता हूँ साहब. थोड़ा काम देखता हूँ."

सगळं साफ खोटं. पण बोलणं इतकं नीट, हात गुडघ्यांवर इतके शांत की मलाच क्षणभर शंका आली. मग डॉक्टरनं ताईकडं बघितलं. "आप बताइए. घर में कैसे रहते हैं?"

मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. ताईनं भाऊजींकडं पाहिलं. ते समोरच बसलेले, सगळं ऐकत. नवऱ्याच्या तोंडावर, त्याच्याच फौजेच्या साहेबापुढं, हा दिवसभर घोंगडीत बसतो आणि भिंतीशी बोलतो, असं सांगायचं होतं. ताई म्हणाली, "अच्छे हैं साहब. बिलकुल अच्छे हैं."

परतताना ती नव्या नवरीसारखी चालत होती. मी चार पावलं पुढं चालले.

तिसऱ्या दिवशी भाऊजी पुन्हा भिंतीपाशी गेले. या वेळी जास्तच खोल. जेवायला उठवलं तरी उठत नव्हते. आणि काही महिन्यांनी कागद आला: अपंगत्व पंधरा टक्के. पेन्शन बंद.

पुंडलिकरावांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "वहिनी, तुम्ही साहेबाले काय सांगतलं?" मीच सांगितलं. ते भयंकर चिडले, पण माणूस चांगला. जाताना सांगून गेले की सहा महिन्यांच्या आत अपील करता येतं, सुखदेवची सही मात्र पाहिजे.

अपील मी लिहिलं. आमच्याकडं घरात मराठी, पण राज्य हिंदी म्हणून शाळा आणि अर्ज हिंदीत, ते मॅट्रिकपर्यंत हाडात मुरलेलं. मी अजूनही आजारी आहे, मला आवाज ऐकू येतात, मी कामधंदा करू शकत नाही, बोर्डाच्या दिवशी माझी खरी हालत समजून आली नाही, असं सगळं लिहिलं. ताईला वाचून दाखवलं. तिनं कागद घेतला आणि ठेवून दिला. महिना गेला, दुसरा गेला. पेट्यांचं काम संपलं, पैशाअभावी गोळ्या एक दिवसाआड व्हायला लागल्या. माझा संयम सुटला.

"ताई, सही कधी घेशीन?"

"त्या दिवशी ते चांगले होते, कमल. तू तं पाह्यलं ना. आता त्याहीच्या हातानं कसं लिहून घेऊ का मी चांगला नव्हतो म्हणून?"

"तुले पेन्शन पाह्यजे का तो एक दिवस पाह्यजे?"

"मले तो दिवस पाह्यजे," ताई म्हणाली. इतकं सरळ की माझा सगळा राग जागच्या जागी बसला. तिला खरंच तेवढंच हवं होतं. त्या एका दिवसासाठी ती उपाशी राहायलाही तयार होती. पण गोळ्यांशिवाय भाऊजी राहू शकत नव्हते, आणि हे तिलाही कळत होतं. शेवटी मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी तीच म्हणाली, "चाल, तू वाच. माह्यानं होणार नाई."

भाऊजी भिंतीशी बसले होते. मी समोर बसून वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकतात की नाही, हे कळत नव्हतं. मग त्यांनी पेनसाठी हात पुढं केला.

"अजून एक लिही," ते म्हणाले. "लिही का बोर्डाच्या दिवशीबी आवाज चालूच होते."

ताई दारातून पुढं आली. "त्या दिवशी? त्या दिवशी तं तुम्ही..."

"साहेब इचारून राहिला होता तेव्हाबी बोलूनच राहिले होते. लय जोरात. साहेबाचं अर्धं मले ऐकूबी नाई आलं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी असं नीट पाहिलं असेल. "तू अंधारातच उठून कपडे करून राहिली होती. गाडीत म्या नक्कल केली तं तू हासली. म्या म्हटलं, विजूले आजचा दिवस असू दे. दोन दिवस तसंच ओढलं, मंग लय थकलो."

एवढं बोलून त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. नंबर, हुद्दा, नाव, सगळं सावकाश लिहून सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. दोन वर्षं ती यांची वाट बघत होती, आणि ते भिंतीशी बसून तिचं वाट बघणं बघत होते. मला तिच्यावर रागावायचं होतं, त्यांच्यावर रागावायचं होतं, आणि दोघांवरही राग येत नव्हता.

मला वाटलं ताई आता रडेल. ती रडली नाही. ती भाऊजींच्या शेजारी, भिंतीला टेकून बसली आणि घोंगडीचं टोक आपल्या पायांवर ओढून घेतलं.

"ते आवाज आत्ताबी बोलून राहिले का?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

"हो."

"काय म्हणतात? सांगा मले."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी कागद घेऊन बाहेर अंगणात आले. आतून त्यांचा आवाज यायला लागला, हळू, अडखळत, मग जरा सलग. आणि मधूनमधून ताईचा. ती म्हणत होती, "मंग?"