साहेब कोठी चालले जी?

आत्यांच्या पोटात काही राहत नाही, यावर कारखाना ते भंडारा या सगळ्या रस्त्याचं एकमत होतं. माझंही. आणि याच बाईंवर माझ्या जिवाची जबाबदारी होती.

मी कारखान्याचा प्रमुख होऊन आलो आणि थोड्याच दिवसांत ‘उचलून नेऊ’ असे फोन सुरू झाले. मुख्यालय अंगरक्षक पाठवतंय म्हटल्यावर मी काळ्या चष्म्यातल्या पहिलवानाची वाट पाहत बसलो. गाडीतून उतरल्या आत्या; सगळा रस्ता त्यांना याच नावाने ओळखायचा. अड्याळच्या, पोलिसातून निवृत्त; अंगावर सुती साडी, पायात बूट. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “साहेब, तुमाले उचलाले चार माणसं तं लागतीनच.”

त्यांचा पहिला नियम : कुठे चाललो ते कुणाला सांगायचं नाही. इकडे तर भेटेल तो विचारणार, “कोठी चालले जी?” मी तोंड फिरवायचो आणि माजोरडा ठरायचो. आत्या मात्र काच खाली करून, विचारणाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन हौसेने सांगायच्या. टपरीवर, पंपावर, पानठेल्यावर.

“अहो, नियम तुमचाच ना?”

“इचारलं तं सांगा लागते जी. बरं नाही दिसत.”

मी त्यांना बदलून मागायच्या विचारात होतो. तेवढ्यात सानगडीला माझा सत्कार ठरला आणि आदल्या दिवशी मी फोनवर स्टेटस टाकलं : ‘उद्या सानगडीत सत्कार. सर्वांनी यावे.’

आत्यांनी ते वाचलं. “सर्वांनी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्या फोनवाल्याइनंही?”

दुसऱ्या दिवशी मी सानगडीत शाल पांघरून घेत होतो, तेव्हा इकडे कारखान्याजवळच्या टपरीवर एक जीप थांबली. “साहेब सानगडीलाच गेले ना?”

“नाही जी, मोहाडीले,” टपरीवाला म्हणाला. “आत्यानं सोता सांगतलं.”

पंपवाला शपथेवर अड्याळ म्हणाला. पानठेलेवाल्याने तर मला नागपूरहून विमानातच बसवलं. आत्यांनी प्रत्येकाला वेगळं गाव दिलं होतं. माझं स्टेटस हाच सापळा, असं जीपवाल्यांनी ठरवलं. मोहाडी पालथी घालून ते टपरीवाल्याशी भांडायला परतले, तर बाकावर आत्यांचे जुने पोलीस सहकारी चहा पीत बसलेले. झडतीत जीपमध्ये दोर निघाला आणि माझा फोटो. पकडलेली माणसं चारच होती. आत्यांचा अंदाज बरोबर.

संध्याकाळी टपरीवर जत्रा लोटली. टपरीवाला तेवढा रुसला होता. “आत्या, मले खोटं सांगतलं?”

“खरं सांगतलं असतं तं तुले खोटं बोलता आलं असतं का, बापू?”

त्याने विचार केला, आणि तेव्हापासून त्याची छाती जी फुगली ती आजही तशीच आहे. सत्काराची शाल मी काढून आत्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या मला सानगडीत पडल्या होत्या, त्याच्या दुप्पट पडल्या.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. निघताना टपरीपाशी सगळे जमले होते. आत्यांनी विचारलं, “कोठी चालले जी, साहेब?”

मी काच खाली केली आणि हौसेने सांगितलं, “रायपूरले.”

आत्यांनी कडक सलाम ठोकला. “जा आता बिनधास्त,” त्या म्हणाल्या. “तुमाले माही गरज नाही.”