मुकादमांचं मैदान

आमच्या मंडळाची मुलगी चढाईला गेली की मुकादम मैदानाकडे पाठ फिरवायचे. दोन्ही हात मागे बांधून समोरच्या माडांकडे बघत उभे राहायचे आणि कान तेवढे मागे लावायचे. आमचा 'कबड्डी, कबड्डी' असा दम ऐकूनच त्यांना सगळं कळायचं. आवाज कुठे जड झाला, कुठे तुटला, कोणाच्या हातात घोटा सापडला. "शालूक डाव्या कोपऱ्यात धरल्यानी," असं ते शेजारच्याला सांगायचे. त्याने वळून बघावं तर मी खरोखरच डाव्या कोपऱ्यात उताणी पडलेली असायची. कुडाळच्या एका स्पर्धेत पंचांनी त्यांना विचारलं, "अहो, संघ तुमचाच ना? मग बघत का नाही?" मुकादम म्हणाले, "बघवत नाही हो. पोरी पडतात." पंच हसले, आम्हीही हसलो. पडायचं कसं, ते आम्हाला त्यांनीच तर शिकवलं होतं.

ते शिरोड्याच्या मिठागरावर मुकादम होते. त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. उंच, काटकुळे, केस अकाली पांढरे झालेले, आणि तळपाय खाऱ्या पाण्याने इतके भेगाळलेले की चप्पल घातली काय न घातली काय, सारखंच. मिठागराच्या बांधापलीकडे एक सपाट तुकडा होता, तेच आमचं मैदान. दिवाळीनंतर जमीन सुकली की ते स्वतः ती चोपून घ्यायचे. रोज संध्याकाळी काम सुटलं की झाडू मारायचे, मग चुन्याच्या फक्कीने रेषा ओढायचे. पडून गुडघा सोलवटला की त्या खारट मातीने डोळ्यांत पाणी यायचं. मुकादम म्हणायचे, "रड, पण रडता रडता आपल्या जाग्यार जावन उभी रव."

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे मुलींची कबड्डी म्हणजे मोठं अवघड प्रकरण होतं. मुकादम घरोघर जायचे. आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन पायरीवर बसले, तो दिवस मला आठवतो. माझे वडील कापडाचं दुकान चालवत. ते काही बोलायच्या आत आईने आतूनच नाही म्हणून सांगितलं. मुकादम तिला म्हणाले, "वहिनीनू, चेडू माका देव नकात. संध्याकाळचो एक तास देवा. दिवेलागणीच्या आत आंगणात आणून सोडतलंय." आणि त्यांनी ते पाळलं. खेळ संपला की आम्हा सगळ्या जणींना घेऊन ते निघायचे आणि एकेकीला तिच्या घरी सोडायचे. माझं घर पहिलं लागायचं, कुंदाचं पार शेवटच्या वाडीत. कुंदाला सोडून तेवढी वाट ते एकटे परत चालायचे. ते घरी जाऊन काय जेवतात, कोणाशी बोलतात, असा विचार आमच्यापैकी एकीच्याही मनात कधी आला नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं.

मुली अर्ध्या चड्डीत खेळतात म्हणून एकदा देवळात बैठक बसली. मुकादम शेवटी उभे राहिले. "मिठागरार तुमच्याच घरातल्यो बायलो गुडघ्यापर्यंत लुगडा खोवून चिखलात उभ्यो रवतत. तेव्हा कोणाक लाज वाटाक नाय. पोटासाठी उभी रवली तर चलता, आणि हसत धावली तर चलना नाय?" बैठक तिथेच उठली. दुसऱ्या दिवशी मात्र दोघींचं येणं बंद झालं. मुकादम पंधरा दिवस त्यांच्या दारी खेपा घालत होते. एक परत आली.

खरी पडझड मे महिन्यात व्हायची. लग्नसराई सुरू झाली की आमचा संघ विरघळायला लागायचा. प्रत्येक मुलीच्या लग्नात मुकादम एकच आहेर करायचे. तिचाच खेळायचा सदरा, धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. शेवटच्या पंगतीत कडेला बसून जेवायचे आणि वरात निघायच्या आत उठून जायचे. चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये आमच्या तीन मुली गेल्या. तिसरीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले तर मुकादम नेहमीसारखं पुरं मैदान आखत होते. खेळायला आम्ही चौघी होतो.

पुढच्या मोसमात त्यांनी कुठून कुठून मुली जमवल्या आणि आम्ही कुडाळच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. हरलो, पण मुंबईच्या एका कंपनीचा माणूस सामना बघायला आला होता. त्यांचा महिला संघ होता आणि त्याला शिकवणारा माणूस हवा होता. तो आमच्यासमोरच मुकादमांना म्हणाला, "तुम्ही या. नोकरी देऊ, राहायला खोली देऊ. तुमच्या दोन तयार मुलीही घेऊन या, त्यांनाही नोकरी लावू." त्याने बोट दाखवलं ते माझ्याकडे आणि कुंदाकडे. "विचार करून कळवतो," मुकादम म्हणाले.

त्या आठ दिवसांत मी मनाने मुंबईला राहूनसुद्धा आले. आईचं तोंड बंद करून वडील तयार झाले होते. 'मुकादम संगती आसत ना, मगे जाव दे,' असं ते म्हणाले, तेव्हा मला वडिलांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि नवव्या दिवशी वडिलांनीच दुकानातून येऊन सांगितलं की मुकादमांनी नाही म्हणून कळवलं. मुली तेवढ्या घ्या, असं त्यांनी लिहिलं होतं म्हणे. पण कंपनीला ते नसतील तर मुली नको होत्या.

मी तशीच मैदानावर गेले. ते झाडू मारत होते.

"तुमी नाय म्हटलात?"

"म्हटलंय."

"कित्याक?"

"माका जमाचा नाय गो, शालू."

"हंय कोण आसा तुमचा?" मी ओरडले. इतक्या मोठ्या माणसाशी मी त्यापूर्वी कधी तसं बोलले नव्हते.

झाडू थांबला. "हंय कोणी तरी रवाक होया," ते म्हणाले.

"कोणासाठी? आमी सगळी लग्ना होवन जातलों. मगे तुमी एकटेच फक्की मारीत बसा!"

"बसतलंय," ते म्हणाले, आणि परत झाडायला लागले.

त्यानंतर मी मैदानावर गेले नाही. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं, घाटावर, शेतीवाडीच्या घरात. मुकादम आहेर घेऊन आले तेव्हा मी मान वर करून बघितलं नाही. ते पुडकं मी सासरी नेलं, पण उघडलं नाही. पहिल्या चतुर्थीला माहेरी आले तेव्हा कुंदा म्हणाली, "मुकादमांका भेटान येव या." मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या वर्षी मी माहेरी आले ती सणाला नव्हे. पाचव्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं होतं. घरी सगळी जपून वागत होती. आई पुढ्यात मऊ भाताची आटवल ठेवायची, वडील दुकानातून लवकर यायचे, आणि त्या विषयावर कोणीही बोलत नव्हतं. झालं ते झालं, असं एकदा म्हणून आईने तो विषय मिटवला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चालत निघाले आणि पाय मिठागराच्या बांधावर आले.

त्या मोसमात संघच झाला नव्हता. तरी मैदान आखलेलं होतं आणि मुकादम एका कोपऱ्यात पाला गोळा करत होते. बरेच वाकले होते.

"कधी इलंस?"

"परवा."

"एकटीच?"

"होय."

ते परत पाला गोळा करायला लागले. बांधावर दुसरा झाडू पडला होता, तो मी उचलला. आम्ही दोघांनी मिळून सगळं मैदान झाडलं. मग ते बांधावर बसले आणि कोणी न विचारताच बोलायला लागले.

त्यांना एक धाकटी बहीण होती. तिचं लग्न लावून दिलं, आई वारली, आणि ते मुंबईला गेले. गिरणीत नोकरी होती आणि गिरणीच्या संघातून खेळायचे. चांगलं नाव झालं होतं. एका श्रावणात बहीण न कळवता एकटी माहेरी आली. घराला कुलूप. ती दिवसभर पायरीवर बसून राहिली. शेजारणीने जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली. संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेली. शेजारणीने पत्र घातलं. ते हातात पडून मुकादमांना रजा मिळेपर्यंत महिना गेला, आणि तोवर बहीण तापाने गेली होती.

"ती कित्याक इल्ली," मुकादम म्हणाले, "ता विचारूक माका मेळाक नाय."

ते मुंबईला परत गेले नाहीत. मिठागरावर काम धरलं आणि दोन-तीन वर्षांनी मुलींचं मंडळ काढलं. "गावची चेडवां जातत, ती जावकच होयी," ते म्हणाले. "पण कोण कधी परत येयत, ता सांगाक येना नाय. सणाक इली तर घर आसा. अशीच कधी इली तर कोणाकडे जायत?"

खाडीकडून वारा आला आणि फक्कीची एक रेष पुसट झाली. तिकडे बघत ते म्हणाले, "तुझा मात्र मोठा नुकसान केलंय मी. ता माका ठावक आसा."

तसं काही नाही, असं म्हणायची रीत असते. माझ्या तोंडून ते आलं नाही. "होय," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना माझ्या मुलाबद्दल सांगितलं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, सगळं. इतकं मी कोणालाच सांगितलं नव्हतं आणि पुढेही कधी सांगितलं नाही. अंधारायला लागलं तसे ते उठले आणि मला खळ्यापर्यंत सोडून गेले.

ऐंशीचं दशक सरता सरता, एका पावसाळ्यात, वडिलांचं पत्र आलं. दुकान, आईची कंबर, यंदाचा आंबा फुकट गेला, आणि शेवटी दोन ओळी: मुकादम वारले. मिठागरावरच्या माणसांनीच सगळं केलं. पत्र वाटेत रखडलं होतं, तेरावा होऊनही आठवडा उलटला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते पत्र दोनदा वाचलं. सासरच्या त्या सबंध गावात मुकादमांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं. कबड्डीसुद्धा मी कधी खेळले असेन, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय गं, कोण गेलं?"

"भाऊ," मी म्हटलं.

"तुला कुठला भाऊ? तू तर एकटीच ना?"

"होता," मी म्हटलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं, आता काहीतरी विचारतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग डोक्यावरून पाणी घे जा. दिवस उलटून गेले तरी कानावर आलं की आंघोळ लागते."

मी परसात गेले आणि गार पाण्याची पहिली कळशी डोक्यावर उपडी केली.