ओव्याचा शेक

शेजारी कुणी ओवा भाजला की माझं डोकं अजूनही तापतं. बिबवेवाडीच्या घरी वडिलांचे पाय भर उन्हाळ्यातही बर्फासारखे गार असायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मधुमेहानं पायातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. नसांना रक्त पुरत नाही, म्हणून त्यांना चटकाही कळत नाही. शेक अजिबात द्यायचा नाही." आत्यानं हे सगळं मान डोलावत ऐकलं, आणि मी कामावर गेल्यावर तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी बांधली. संध्याकाळी दार उघडलं तर घरभर खमंग वास, आणि आत्या वडिलांचा तळपाय शेकत बसलेली. "अगं आत्या, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" मी ओरडलो. "त्यांना काय जातंय म्हणायला! रक्त खेळतं नको व्हायला?" वर वडील आरामात म्हणतात, "अजून तापव गं, काही लागत नाहीये." अहो, लागत नाही हाच तर रोग होता! पुरचुंडी बाजूला केली तर अंगठ्याखाली लिंबाएवढा फोड. पुढे तो अंगठा काढावा लागला. आत्याचं म्हणणं आजही एकच, शेक कमी पडला. परवा माझीही साखर वाढलेली निघाली, आणि आज विश्रांतवाडीहून तिचा ओव्याचा पुडा आला. तो कचऱ्यात टाकायला मी तणतणत उठलो, दारापर्यंत गेलो आणि मागे पाहिलं, तर माझ्या एका पायातली चप्पल खुर्चीपाशीच पडली होती. ती कधी निसटली, मला कळलंच नव्हतं.