गूळतुला आणि माझं कोपर

"गूळ आणा रं, गूळ! पारडं जाग्यावरनं हालंना!"

सरपंच असे ओरडले, की तिकडं म्हसवडात सिद्धनाथाच्या देवळातली घंटा आपोआप वाजली असेल. चिंचेच्या फांदीला अडतीवरचा भला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात गुळाच्या पाच ढेपा. आणि साहेबांचं पारडं जमिनीला चिकटलेलं, जसं काही तिथंच उगवलंय.

साठ-बासष्टचा सुमार. साहेब म्हणजे सांगलीचे कारखानदार. उसाचे चरक करायचे, निवडणुकीला उभे होते आणि साताऱ्यात त्यांनी गरीब पोरांसाठी वसतिगृह काढलं होतं. गावोगाव लोक त्यांची गूळतुला करायचे आणि तो गूळ वसतिगृहाला जायचा. मी त्यांच्याच कारखान्यात ओतकामावर. सुट्टीला शिराळ्याकडच्या आमच्या गावी आलो, की साहेबांबद्दल बोलायचा मक्ता माझ्याकडं. आता खरं सांगायचं तर साहेब इतके सडपातळ, की वारा सुटला की आम्ही त्यांच्या कोटाच्या खिशात बोल्ट टाकून ठेवायचो. शेजारच्या गावानं महिन्यापूर्वी तुला केली, तर दोन ढेपांत साहेब वर!

हे ऐकल्यावर न्हाव्याच्या ओट्यावर बसून मी छातीवर हात मारला. "त्यांचं सोडा. आपल्या गावात पाच ढेपा लागतील."

"माणूस त्योच न्हवं का?" कुणीतरी विचारलं.

"त्योच. पर तवा उपाशी हुता."

गावानं मानलं. गावाला मानायचंच होतं. पाच ढेपा गोळा झाल्या, शेजारच्या गावाला मुद्दाम आवतण गेलं. तुलेच्या सकाळी मात्र मी मनाशी हिशेब मांडला. तीन ढेपा नुसत्या बघत बसल्या असत्या, आणि शेजारचे लोक हसून हसून आमच्या विहिरीत पडले असते. म्हणून मी चरकाचं एक ओतीव दातेरी चाक साहेबांच्या गादीखाली सरकवलं. लोखंडाच्या वजनाचा अंदाज ओतकाम करणाऱ्याला चुकू नये. माझा चुकला.

साहेब बसले, जरा हलले, आणि थेट माझ्याकडं बघितलं. स्वतःच्या कारखान्याचे दाते त्यांना कळले नसतील असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. पण समोर हजारभर मतं बसली होती. त्यांनी कोट सारखा केला आणि लोकांना हात जोडले.

पाचवी ढेप चढली तरी काटा हलेना. आणि तुलेचा रिवाज असा, की पारड्यात बसवलेला पाहुणा उचलला गेल्याशिवाय खाली उतरवायचा नाही. उतरवला तर गावाचा गूळ कमी पडला. गावाची अब्रूच गेली म्हणायची. शेजारचे खोकायला लागले. आमचे लोक घराकडं पळाले. कुणी फडताळातला खडा आणला, कुणी बाळंतिणीसाठी ठेवलेला. काटा हलेना.

तेवढ्यात बौद्धवाड्यातली एक बाई गर्दीतून पुढं आली. चार-पाच वर्षांपूर्वी त्या लोकांनी दीक्षा घेतली होती, पण गावानं त्यांच्याकडं गूळ मागितलाच नव्हता. ऊस कुणाचा तरी, घाम त्यांचा. गुऱ्हाळावर राबून मजुरीत मिळालेला गूळ तिनं फडक्यात बांधून आणला होता. मागून तिच्या लेकीनं पदर धरला.

"आये, माझ्या लग्नाला काय करशील?"

"गप. गावाचा मान हाय."

हे मी ऐकलं. दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या वेळी मी फक्त गादी उचलून चाक दाखवायला हवं होतं. एवढंच.

गर्दीत कुजबुज झाली, त्यांचा गूळ आपल्या गुळात कसा ठेवायचा म्हणून. साहेब पारड्यातूनच म्हणाले, "आणा बाई, तुमचाही ठेवा." टाळ्या कडाडल्या. साहेब मनापासून बोलले, यात मला शंका नाही. दात्यांवर बसूनही माणूस मनापासून बोलू शकतो. तिनं गाठोडं ठेवलं. काटा तसाच. मग मी ढेपा सारख्या करायच्या निमित्तानं पुढं झालो आणि गुळाच्या पारड्यावर कोपर रेटलं. साहेब वर गेले, नगारा वाजला, आणि मी बेशरमपणे ओरडलो, "मावशीच्या गुळानं तोलला बघा आमचा साहेब!"

कोपर मला आधीपासून होतं. तिच्या गाठोड्याच्या आधी, बाळंतिणीच्या गुळाच्या आधी, पाचव्या ढेपेलाही होतं. हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी नगारा माझ्या कानाखाली वाजत होता.

गूळ साताऱ्याला गेला, पोरांनी खाल्ला असेल, ते चांगलंच झालं. मी सांगलीला परतलो. विश्रामबागेत चहा पिताना चौघांना तुलेची गोष्ट रंगवून सांगितली. ढेपा सातवर गेल्या. लोक हसले. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

मग बाजारातून चांगला पिवळाधमक गूळ घेतला. पण आज जातो, उद्या जातो करत पंधरवडा गेला. कारण सुट्टीचं नव्हतं. गूळ घेऊन मी त्या वाड्याकडं निघालो, तर ओट्यावरचे "का रं?" विचारणार, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं सांगायला थाप नव्हती.

शेवटी गेलो. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ती अंगण लोटत होती. गूळ ओट्यावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं: चाक, गादी, कोपर. एक शब्द वाढवला नाही. "मावशी, तुमचा गूळ लागतच न्हवता. माझ्यामुळं गेला. ह्यो लेकीच्या लग्नाला घ्या."

तिनं खराटा थांबवला, गुळाकडं बघितलं आणि म्हणाली,

"लगीन झालं की मागच्या बुधवारी."