निळी रवण

मास्तरांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. ते गाड्यांच्या गॅरेजात रंग जुळवायचे. गाडी कुठे घासली, पत्रा कुठे चेपला, की तेवढ्याच जागी असा रंग मारायचा की खुद्द मालकालाही ओरखडा कुठे होता ते सांगता येऊ नये, हे त्यांचं काम. तयार रंग त्यांना कधी पटला नाही. डब्यात थेंब थेंब टाकत, काडीने ढवळत, नखावर लावून उन्हात धरत बसायचे आणि पटल्याशिवाय फवारणीच्या बंदुकीला हात लावायचे नाहीत. म्हणून गॅरेजातले मिस्त्री त्यांना मास्तर म्हणायला लागले. मग बायको आपोआप मास्तरीणबाई झाली.

माणूस डोळ्याचा पक्का आणि जिभेचा तिखट. चहा आला की आधी रंग बघणार. "आज एक छटा कमी," असं म्हणून कप तसाच ठेवणार. एकदा बाईंनी हौसेने नवे कपडे घेतले, तर चारचौघांत म्हणाले, "हा रंग अंगावर घालायचा नसतो, भिंतीला द्यायचा असतो." सगळे हसले. बाईही हसल्या, कारण चारचौघांत दुसरं काय करणार? ते कपडे त्यांनी पुन्हा घातले नाहीत. फाडून खुराडं पुसायची फडकी केली.

खुराडं घरामागच्या अंगणात होतं. सहा पिंजरे, त्यांत मास्तरांच्या कोंबड्या. बुटक्या, डोक्यावर पिसांचा गोंडा, पायांवर पिसांचे मोजे, प्रत्येक पायाला पाच बोटं. अंड्यांसाठी नव्हेत, खाण्यासाठी तर नव्हेतच. नुसत्या दिसण्यासाठी. अशा कोंबड्या पाळणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, त्यांचं दरवर्षी प्रदर्शन भरायचं आणि गेली कित्येक वर्षं तिथे मास्तरांचा शब्द शेवटचा होता. प्रदर्शनाआधी आठवडाभर कोंबड्यांना शाम्पूने आंघोळ, तुऱ्याला तेल, नखं कापणं, असं सगळं चालायचं. अंगावर एखादं वेगळ्या रंगाचं पीस दिसलं तर मास्तर ते चिमट्याने उपटायचे. कोंबडी केकाटायची. "मिरवायचं तर सोसायला हवं," असं तिला समजावायचे, आणि बायकोकडे बघायचे.

मास्तरांचा वाण निळा होता. आता निळा म्हणजे आकाशासारखा निळा नव्हे. पावसाळी ढगाचा जो असतो तो. तुम्हीआम्ही त्याला सरळ राखाडी म्हणू, पण मंडळात त्याला निळाच म्हणायची पद्धत होती, आणि कुणी राखाडी म्हटलं तर मास्तर त्या माणसाशी पुढे बोलायचे नाहीत. अडचण एकच होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची अंडी रवणीला, म्हणजे कोंबडीखाली उबवायला, बसवली, की एकवीस दिवसांनी निघणाऱ्या पिल्लांत निम्मीच निळी निघायची. उरलेल्यांत काही काळीकुट्ट, काही पांढरट, अंगावर निळे शिंतोडे उडालेली. मास्तर पिल्लं एकेक करून उजेडात धरायचे आणि निकाल द्यायचे. काळं, बाद. शिंतोडी, बाद.

पहिल्या रवणीच्या वेळी बाईंनी विचारलं होतं, "बाद म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे नकोत."

"कुणाला तरी देऊन टाकू की."

"आणि त्यांनी तिकडे जोड्या लावल्या म्हणजे? माझ्या वाणाचं नाव खराब करायचंय? अगं, डब्यात काळा सांडला तर तो काढूनच टाकावा लागतो. पांढरा सांडला तरी तेच. दोन्ही काढत गेलं की शेवटी निव्वळ निळा उरतो. पाच-सहा रवणी लागतील फार तर."

मग त्यांनी बादली दाखवली. स्वतः मात्र हात लावला नाही. म्हणाले, "तुझा हात हलका आहे." बाईंचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी वचनही दिलं, "एकदा अख्खी रवण निळी निघू दे. त्या दिवशी बादली बंद. कायमची."

या वचनावर बाईंनी एकोणीस वर्षं काढली.

गार पाण्यात पिल्लं जास्त ओरडतात, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं, म्हणून त्या पाणी कोमट करून घ्यायच्या. एका वेळी एक पिल्लू, मूठ पाण्याखाली, आणि शंभरपर्यंत मोजायचं. मोजताना त्या समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघायच्या. रवण बसली की विसाव्या दिवसापासून त्यांना घास जायचा नाही. टोपलीवरचं फडकं उचलताना दर वेळी वाटायचं, या खेपेला सगळी निळी असतील. एकदा बारातली नऊ निळी निघाली तेव्हा मास्तरांनी पेढे वाटले आणि बाईंनी मनातल्या मनात बादली भंगारात टाकली. पुढच्या खेपेला बारातली चार निळी. मास्तर म्हणाले, "कोंबडीत खोट आहे," आणि ती कोंबडीही बाद झाली. एवढ्या रवणी उतरल्या, एवढी पिल्लं गेली, पण प्रमाण काही हललं नाही. दर खेपेला आपलं निम्मं इकडे, निम्मं तिकडे. बाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं. मास्तर म्हणाले, "तुला चहाचा रंग कळत नाही, तू मला वाण शिकवतेस?"

मंडळातले पंचवीस-तीस लोक मास्तरांच्या पावलावर पाऊल ठेवून आपापल्या घरी हेच करत होते. त्यांच्याकडेही बादल्या होत्या.

गेल्या वर्षी एक काळं पिल्लू शंभर मोजून झाल्यावरही जिवंत राहिलं. बाईंनी ते फरशीवर ठेवलं, तर त्याने चोच उघडली. पुन्हा पाण्यात धरायचा धीर त्यांना झाला नाही. फडक्यात गुंडाळून त्या मागच्या गल्लीत इस्त्रीवालीकडे गेल्या. इस्त्रीवाली ही त्यांची एकुलती एक मैत्रीण. नवऱ्याच्या कपड्यांच्या निमित्ताने तिच्याकडे घटकाभर बसायचं, एवढीच काय ती त्यांची चैन. "कुणाला बोलू नकोस," म्हणाल्या. महिन्याने, एकटं नको म्हणून, एक शिंतोडी पिल्लूही नेऊन दिलं. काळ्याचा कोंबडा झाला, शिंतोडीची कोंबडी. इस्त्रीवाली त्यांना कोळशाच्या पोत्याआड ठेवायची, आणि बाई कपडे द्यायला गेल्या की त्यांना दाणे टाकायच्या.

त्या रविवारी अकरा वाजता मंडळ मास्तरांकडे यायचं होतं. नवी रवण दोन दिवसांपूर्वी उतरली होती, अकरातली सहा निळी. पाचांचं काय व्हायचं ते झालं होतं. मास्तर अंगणात पिंजऱ्यांना रंगाचा हात देत होते. नऊच्या सुमाराला मागचं दार ढकलून इस्त्रीवाली आत आली, काखेत टोपली.

"वहिनी, बघा तरी! आमची शिंतोडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती ना, दहाच्या दहा निघाली!"

मास्तर घरी आहेत हे तिला आनंदाच्या भरात सुचलंच नाही. मास्तरांनी ब्रश ठेवला, टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि गुडघ्यावर बसले. दहा पिल्लं. दहाही निळी. त्यांनी एकेक उचललं, उलटं केलं, बोटं मोजली, पोटाखालची लव फुंकून बघितली. लग्नात बाईंना पहिल्यांदा बघताना या माणसाचा चेहरा असा झाला नव्हता.

"कुठून आणलीस?"

"आणली कुठली, भाऊ? आमचीच. काळा कोंबडा आणि शिंतोडी कोंबडी."

"खोटं बोलतेस. माझ्या पिंजऱ्यातली अंडी उचललीस तू."

"ती कशाला अंडी उचलेल?" बाई म्हणाल्या. "जोडी मी दिली होती. तुमच्या बादमधली."

इस्त्रीवालीला वाटलं, भांडण हसण्यावारी न्यावं. म्हणाली, "अहो भाऊ, एवढं काय त्यात? तुम्हीच नाही का गॅरेजात राखाडी रंग करत, काळ्यात पांढरा ओतून? तसंच झालं असेल."

मास्तरांच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला. तीस वर्षं रोज सकाळी ते काळ्यात पांढरा ओतत आले होते. या रंगाला निळा म्हणता म्हणता तो कशाचा बनतो तेच विसरले होते. जे जे बादलीत गेलं, त्यातल्याच काळ्याची आणि शिंतोडीची जोडी लावली असती तर पुढचीच रवण अख्खी निळी निघाली असती. त्यांना हे कळलं, आणि त्यांना कळलंय हे बाईंना कळलं.

जरा वेळाने ते अगदी गोड आवाजात इस्त्रीवालीला म्हणाले, "ही राहू देत इथे. बदल्यात अंड्यांच्या दोन चांगल्या कोंबड्या देतो. आणि ती जोडीही संध्याकाळी आणून दे." बिचारी खूश होऊन गेली.

दार लागलं. बाई म्हणाल्या, "अहो, सगळी निळी आहेत."

"पाणी तापव."

"तुम्ही वचन दिलं होतंत. अख्खी रवण निळी निघाली की—"

"माझी रवण म्हणालो होतो. बादच्या पोटचं ते बादच." मग आवाज चढला. "अकरा वाजता सगळे येताहेत. इतकी वर्षं त्यांना जे सांगितलं, त्याचं काय करू? उभा राहून सांगू, की इस्त्रीवालीने मला रंग शिकवला?"

बाई आत गेल्या. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, बोट बुडवून पाणी बघितलं, बादलीत ओतलं. बादली आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहिल्या.

"धर ना."

"तुम्ही धरा."

"मला नाही जमत ते. तुझा हात हलका..."

"नसेल जमत तर अकरा वाजेपर्यंत थांबू. आले की त्यांनाच दाखवू."

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. मग एक पिल्लू उचलून पाण्यात धरलं, आणि ते बोटांत वळवळताच झटक्यात हात बाहेर काढला. पिल्लू ओरडायला लागलं.

"असं नाही," बाई म्हणाल्या. "मूठ पूर्ण खाली. शंभर होईपर्यंत काढायची नाही. मध्येच काढली तर त्याला दोनदा मरावं लागतं."

त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. पहिलं झालं. दुसरं झालं. बाईंना वाईट वाटायला हवं होतं. पिल्लांनी त्यांचं काही बिघडवलं नव्हतं, एक शब्द बोलून टोपली उचलली असती तर सगळी वाचली असती. पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. एकोणीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या मानेवरचा घाम त्या डोळे भरून बघत होत्या, आणि मोजताना आकडे मुद्दाम लांबवत होत्या.

चौथ्याला मास्तर रडायला लागले. ओल्या हाताने तोंड पुसत म्हणाले, "पुरे गं. सहा राहू देत. कुणाला सांगायचं नाही, आपण दोघंच बघू. माझी हयात गेली यासाठी. अगं, काय सुंदर आहेत बघ तरी."

बाईंनी बघितलं. खरंच सुंदर होती. एकसारखी, कुठे डाग नाही.

"अजून सहा आहेत," त्या म्हणाल्या, आणि वाकून टोपलीतलं पाचवं त्यांनी स्वतः उचलून नवऱ्याच्या हातात दिलं.