दोन डाव्या बाह्या

दुपारची जेवणं उरकून मी जरा आडवी होते. डोळा लागलेला नाही, नुसता जड झालाय. पलीकडच्या खोलीत माझी मुलगी वैजू बाळाला थोपटतेय, तो आवाज येतोय. उशाशी वर्तमानपत्राच्या पुडीत झबल्याचे कापलेले तुकडे आहेत. पुढचा भाग, पाठ, गळपट्टी आणि दोन बाह्या. दोन्ही डाव्या.

सकाळपासून या बाह्यांनी डोकं उठवलंय. परवा बारसं. लातूरहून विहीणबाई येणार, आणि त्या ताटात मीठ चुकीच्या जागी वाढलेलं असलं तरी बोलून दाखवतात. ज्या माणसाने बार्शीत सत्तेचाळीस वर्षं शर्ट शिवले, मला उभ्या जन्मात मशीनला हात लावू दिला नाही, काजं, बटणं आणि तुरपाई तेवढी माझ्याकडे सोपवली, तोच माणूस जाताना दोन डाव्या बाह्या कापून गेला. बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवू नये, असं आमच्याकडे मानतात. त्यावर यांनी तोड काढली होती. कापून ठेवायला काय हरकत आहे, शिवू नंतर. नंतर कुठलं आलंय. मार्गशीर्षात हे गेले आणि माघात नात झाली.

"अगं, सरक जरा."

मी सरकते, तर अंगाखाली गादी नाही, दुकानातलं कापायचं टेबल आहे. हे समोर उभे, गळ्यात टेप, आणि कात्री शोधताहेत. कात्री त्यांच्या हाताखालीच आहे.

"इतके दिवस कुठे होतात?" मी विचारते.

"चहा घेतलास का?"

प्रश्नाला प्रश्न. आहेत तसेच आहेत.

"चहाचं राहू द्या. या बाह्या बघा."

हे एक बाही उचलतात, लांब धरतात, मग नाकाजवळ नेतात. "चांगली आहे की."

"आता दुसरी बघा."

"तीही चांगली आहे."

"दोन्ही डाव्या आहेत."

"असं होय," म्हणतात, आणि टेबल पुसायला लागतात. हातातलं फडकं माझ्याच वायलच्या साडीचं आहे. वैजू अंगावर पीत होती तेव्हा मी नेसायचे ती, निळ्या फुलांची. त्याच साडीतून हे झबलं काढलंय. साडी जागोजाग विरलेली, म्हणून कापड दुहेरी घालून डावी-उजवी जोडी एकदम कापता आली नाही. एक बाही पदराकडून काढली, एक निऱ्यांकडून.

"उरलेली साडी फाडून टेबल पुसायला घेतलीत? एक बाही निघाली असती त्यातून."

"मला वाटलं, दोन निघाल्या."

यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी टेबलावरून उतरते तर पाय फलाटावर टेकतात. बार्शीचा एसटी स्टँड आहे, पण एकही गाडी नाही. हे सिमेंटच्या बाकावर बसलेत, माझी पिशवी यांच्या खांद्याला. लग्न झाल्यापासून मी माझी पिशवी कधी उचललेलीच नाही. आधी मुलांची दप्तरं यांच्या खांद्यावर, मग आमच्या मुलाच्या, शशीच्या, दोन्ही पोरांची. दर जूनला त्या पोरांच्या चड्ड्यांची दुमड हेच उसवायचे, वाढली म्हणून हेच खूश व्हायचे. राहू द्या, मी करते, असं कितीदा सांगितलं. ऐकू न आल्यासारखं करायचे.

"इथे कशाला आलो आपण?"

"मी इथेच बसायचो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून निघायचो ना, तेव्हा."

मी बघतच राहते. "चार वेळा गेलात."

"चार वेळा बसलो. चहा घेऊन परत यायचो."

"नजर उत्तम आहे म्हणाले डॉक्टर, असं सांगितलंत मला."

"तू काळजी केली असतीस."

"मग आता काय करतेय मी?"

हे पाटीकडे बघतात. पाटीवर गावांची नावं नाहीत, डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची अक्षरं आहेत, खाली खाली बारीक होत गेलेली. हे पहिल्याच ओळीवर अडतात.

"किती दिसायचं?"

"कडा दिसायच्या. मधलं जायचं."

"आणि तशात कात्री चालवलीत."

"डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावलं असतं. शशीच्या दोघांना मी शिवलं. वैजूच्या बाळाला काय बाजारचं घालायचं?"

मला इतका संताप येतो की यांना गदागदा हलवावं, आणि तेवढंच जवळ घ्यावंसं वाटतं. दोन्ही एकदम येतं आणि मला काहीच करता येत नाही. पन्नास वर्षं या माणसाने सगळं आमच्यासाठी केलं आणि त्यातलं एकही मला विचारून केलं नाही.

"एक बाही उलटी लाव, उजवी होईल," हे म्हणतात.

"ते मलाही कळतं. छाप आत जाईल, फिक्की बाजू वर दिसेल. विहीणबाई बघतील."

"बघू दे त्यांना." मग पिशवी सावरत, "माझ्या हातून चुकली म्हणून मात्र सांगू नकोस."

"मेल्यावरही तुम्हाला स्वतःच्या नावाचं पडलंय."

"नावाचं नाही गं. वैजू दर रविवारी फोन करायची. बाबा, डोळे कसे आहेत, म्हणून विचारायची. मी म्हणायचो, सुईत दोरा ओवतोय बघ. तिला कळलं, तर माहेरी येऊन एकदा बघितलं का नाही म्हणून जन्मभर रडत बसेल."

हे माझा हात ओढून घेतात आणि बाहीत बोटं घालायला लावतात. "अशी आतून धरायची, आणि पालथी करायची."

"मला शिकवू नका."

"बरं." यांचा हात कोमट आहे. मग खांद्यावरची पिशवी काढतात आणि माझ्या मांडीवर ठेवतात. जड आहे. एवढी जड असते हे मला ठाऊकच नव्हतं.

चार वाजून गेलेत. बाळ रडतंय, वैजू दूध पाजायला उठलीय. मी पलंगावरच आहे, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांवर बाही चढलेली आहे. उलटी केलेली, फिक्की बाजू वर. झोपताना पुडी बांधलेली होती. आता दोरा सुटून कागद जमिनीवर पडलाय.

तोंड धुऊन मी खिडकीशी बसते आणि हातानेच शिवायला घेते. तासाभरात झबलं उभं राहतं. वैजू बाळाला खांद्यावर टाकून मागे येऊन उभी राहते.

"आई, ही बाही उलटी लागलीय."

"हो. माझ्याकडून लागली घाईत. आता नाही मी उसवत."

"बाबांनी उसवायला लावली असती," ती हसते. हसता हसता तिचे डोळे भरतात. "त्यांच्या हातून असं कधी झालंच नसतं."

"नसतंच झालं," मी म्हणते. मनातल्या मनात यांना चार शब्द ऐकवते, आणि दोरा तोडते.